309 आणि 21

डिसेंबर 1943, मुंबईचं ब्रेबोर्न स्टेडियम, धर्मावार संघांच्या पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना. हिंदू संघानं 5 बाद 581 वर डाव घोषित केला. शेष संघ 133 धावांत गारद झाला, फॉलोऑन मिळाला आणि दुसऱ्या डावात 387 करून हरला. एक डाव आणि 61 धावांनी हरला.

निकाल असा सरळ आहे. आता धावफलक सावकाश वाचू. आमच्या चिखलदऱ्यात पावसाळ्याचे चार महिने ढग अंगणापर्यंत उतरतात, समोरचा गाविलगड दिसेनासा होतो आणि खेळ फक्त कागदावर उरतो. अशा दिवसांत जुने धावफलक कवितेइतक्याच बारकाईनं वाचता येतात, आणि या एका धावफलकाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो.

387 पैकी 309 धावा एकट्या विजय हजारेंच्या. म्हणजे जवळजवळ ऐंशी टक्के. पहिल्या डावातही 133 पैकी 59 त्यांच्याच. पण या फलकातली खरी ओळ त्याच्या खाली आहे: विवेक हजारे, 21. हा त्यांचा धाकटा भाऊ. सहाव्या विकेटसाठी दोघांनी 300 धावा जोडल्या आणि त्यांत विवेकचा वाटा 21. ही भागीदारी एकतर्फी होती असं म्हणून पुढे जाणारा वाचक घाईत आहे. तीनशे धावा होईपर्यंत दुसऱ्या टोकाला उभं राहायचं, दर षटकात आपला मोह मारायचा, एक धाव काढून भावाला स्ट्राइक द्यायची, आणि बाद मात्र व्हायचं नाही. 309 च्या जोडीचे विवेकचे 21 काढून घेतले, तर ते 309 उभेच राहत नाहीत. उरलेले नऊ जण आणि अवांतर मिळून 57 होतात, एवढं गणित पुरेसं आहे. वीणेकऱ्यामागं टाळकरी ताल धरून उभा असतो, तसा हा भाऊ उभा राहिला.

या सामन्याआधीचा धागाही वाचायला हवा. त्याच मोसमात मुस्लिम संघाविरुद्ध हजारेंनी 248 केल्या आणि स्पर्धेतला विजय मर्चंट यांचा विक्रम मोडला. अंतिम सामन्यात मर्चंटनी नाबाद 250 करून तो परत घेतला. मग हजारेंचे 309. आणि थोड्याच दिवसांत मर्चंटनी महाराष्ट्राविरुद्ध रणजी करंडकात नाबाद 359 केल्या. त्या खेळीनं हजारेंनी 1939-40 मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध केलेल्या नाबाद 316 ला मागे टाकलं. दोन अबोल माणसांतला हा संवाद बॅटनं चालला होता. मर्चंट गिरणीमालकाच्या घरातले. हजारे सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले, म्हणूनच शेष संघात; संस्थानिकांच्या आश्रयानं खेळणारे, आधी देवास, मग बडोदा. ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू क्लॅरी ग्रिमेट त्यांचा गुरू. दोन्ही पॅडमध्ये बॅट धरून उभं राहण्याची त्यांची ढब अवघडलेली दिसायची; ग्रिमेटनं ती बदलली नाही, यात गुरूचं मोठेपण आहे.

काळही विसरता येत नाही. 1942 मध्ये पंचरंगी झालीच नाही. त्या ऑगस्टमध्ये चले जाव आंदोलनात आमच्या शेजारी आष्टी-चिमूरला रक्त सांडलं होतं, तुकडोजी महाराज तुरुंगात गेले होते. धर्मावर संघ पाडणाऱ्या या स्पर्धेला गांधीजींचा विरोध होता, आणि मला तो योग्यच वाटतो. 1943 मध्ये बंगालात माणसं भुकेनं मरत होती. अशा वर्षात एवढ्या धावा कुणाच्या कामाच्या, असं विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. पण महायुद्धानं हजारेंकडून काय नेलं ते सांगता येतं. भारत 1936 नंतर थेट 1946 मध्येच कसोटी खेळला. हजारेंचा जन्म 11 मार्च 1915 चा. चोविसाव्या वर्षापासून तिसाव्यापर्यंतचा बहर ब्रेबोर्न, पुणे, बडोदा इथल्या मैदानांवर गेला. लॉर्ड्सवर पदार्पण केलं तेव्हा वय 31.

त्या धावा सपाट खेळपट्ट्यांवरच्या, गोलंदाजी लेचीपेची, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धा खरा आहे. रणजीच्या 1944-45 च्या अंतिम सामन्यात होळकरच्या सी. एस. नायडूंनी मुंबईविरुद्ध 917 चेंडू टाकले, यावरून खेळपट्टी कशी होती ते कळतं. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर जानेवारी 1948 च्या अॅडलेड कसोटीच्या फलकात आहे. ऑस्ट्रेलिया 674. पहिल्या डावात हजारे 116. पुन्हा फॉलोऑन. समोर वेगवान लिंडवॉल आणि मिलर; दुसऱ्या डावात लिंडवॉलनं 38 धावांत 7 बळी घेतले आणि त्याच डावात भारताच्या 277 पैकी 145 हजारेंच्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. भारत एक डाव आणि 16 धावांनी हरला.

दोन्ही फलक शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. दोन्हीकडे सामना हातून गेलेला, दोन्हीकडे दुसऱ्या डावात संघाच्या निम्म्याहून अधिक धावा एकाच माणसाच्या, आणि दोन्हीकडे हार डावाचीच. फरक आहे तो दुसऱ्या टोकाचा: अॅडलेडला विवेक नव्हता.