विश्वासरावांचा शेवट : साक्षीदारांची पारख

‘विश्वास पानिपतांत गेला’ ही म्हण घाटाखालच्या टोकावड्यापासून नागपुरापर्यंत कोठेंही ऐकावी. म्हणीनें नांव राखलें, पण माणूस श्लेषांत बुडविला. १४ जानेवारी १७६१ रोजीं नानासाहेब पेशव्यांचे हे ज्येष्ठ पुत्र पडले, तेव्हां त्यांस एकोणीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. पूर्वीं सिंदखेड (१७५७) व उदगीर (१७६०) या मोहिमांत ते होतेच. तेव्हां पानिपत ही त्यांची पहिली स्वारी नव्हे.

रूढ कथन असें कीं, पुतण्यास गोळी लागतांच भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, रिकामी अंबारी पाहून फौज फुटली. म्हणजे पराभवाचें खापर एका चुलत्याच्या मायेवर! आरोप लहान नाहीं. म्हणून साक्षीदार तपासणें अवश्य आहे.

काशीराज हा सुजाउद्दौल्याच्या पदरीं होता. त्याची फारसी हकीकत सुमारें १७८० ची, म्हणजे प्रसंगानंतर वीस वर्षांनीं लिहिलेली. तो म्हणतो, विश्वासराव जखमी होऊन घोड्यावरून उतरल्याचें कळतांच भाऊंनीं त्यांस हत्तीवर घालण्यास सांगितलें, व स्वतः घोड्यावरून आणखी सुमारें अर्धी घटका नव्हे, चांगला अर्धा तास झुंज चालविली. येथें रिकाम्या अंबारीचा मागमूस नाहीं. उलट अंबारींत जखमी पुतण्या आहे. मात्र काशीराज शत्रूच्या गोटांत होता. मराठी गोलांतील गोष्ट त्यास ऐकूनच ठाऊक.

पुढील मजकुराची गोष्ट निराळी. प्रेत शहापुढें आणलें गेलें, दुराण्यांनीं तें पेंढा भरून काबूलास नेण्याचा हट्ट धरला, सुजानें मध्यस्थी करून दहन करविलें. हें काशीराजानें स्वतः जवळून पाहिलें. आमच्या मतें त्याच्या हकीकतींतील सर्वांत भरंवशाचा भाग हाच.

गोलांतील साक्षी नाना फडणीस. जन्म १७४२ चा, म्हणजे विश्वासरावांच्याच वयाचा. आत्मवृत्तांत ते हा प्रसंग मोजक्या शब्दांत उरकतात. बखरकार मात्र भाऊंच्या शोकावर थबकतो. ज्यानें पाहिलें तो थोडें बोलतो. ज्यानें ऐकलें त्याची लेखणी आवरत नाहीं. बखरींविषयीं राजवाड्यांनीं १८९८ च्या पहिल्या खंडांत दिलेला इशारा या जागीं पूर्ण लागू पडतो. तथापि बखर फेंकून द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. घरोघर लोक काय मानूं लागले, याचा ती उत्तम पुरावा आहे.

भाऊंच्या प्रेताच्या ओळखीविषयीं शंका राहिली, व त्या फटींतून सुखनिधान हा तोतया उभा राहून १७७६ पर्यंत पुणें दरबारास पुरला. विश्वासरावांचें मुख दोन्ही पक्षांच्या माणसांनीं पाहिलें होतें.

भाऊसाहेबांच्या बखरीच्या प्रती ज्यांच्या दप्तरांत असतील, त्यांनीं अंबारीचा मजकूर तेवढा आपल्या प्रतींतून उतरून, प्रतीचा काळ व लेखकाचें नांव यांसह, मंडळाकडे धाडावा. कोणत्या प्रतींत हत्ती रिकामा आहे व कोणत्या प्रतींत नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे.