पुस्तकाबाहेर राहिलेला नवरा

'जिणं आमुचं'वर आपल्याकडे बरंच बोलून झालंय. बेबी कांबळेंनी वीरगावचा महारवाडा कसा उभा केला, बाबासाहेबांचा शब्द बायांनी कसा उचलला, सगळं. मीही एका शिबिरात अर्धा तास हेच बोललो, टाळ्या घेतल्या. पण मित्रांनो, या पुस्तकातली एक गोष्ट पुस्तकाबाहेर राहिलीय आणि तिला आपण भिडलेलो नाही.

पुस्तक १९८६ सालचं. त्याआधी वीस वर्षं बाईंनी हे लिखाण नवऱ्यापासून लपवलं. फलटणच्या दुकानात बसून लिहायचं आणि दडवायचं. २००८ साली इंग्रजी भाषांतर आलं, त्यात माया पंडितांनी घेतलेली मुलाखत आहे. बाई सांगतात, दोघं सभेसाठी मुंबईला गेले, डब्यात गर्दी, काही पोरांनी त्यांच्याकडं बघितलं. नवऱ्यानं संशय घेऊन नाकातून रक्त येईस्तोवर मारलं. सभेला निघालेला माणूस! हे आत्मकथनात नाही.

कारण पुस्तकात बाई 'आम्ही' म्हणतात, 'मी आणि तो' म्हणत नाहीत. तरी कारण त्यांनीच लिहून ठेवलंय. आम्हाला गुलाम केलं गेलं, मग आम्हालाही कुणी गुलाम हवा झाला, तो सुनेच्या रूपानं मिळाला. पळू बघणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा. आपण यातलं पहिलं अर्धं उचललं, दुसरं सोयीनं गाळलं. पांढरपेशे समीक्षक तर भाषेच्या रांगडेपणातच रुतून बसले.

१९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी आघातानंतरच्या त्रासाला आजार म्हणून नोंदलं. व्हिएतनामहून परतलेले सैनिक त्यामागं होते. दचकणं, झोप उडणं, भडकणं, माया आटणं, त्या गोष्टीचं नाव न काढणं. बायकोला वाटतं, याला मी नको झाले. मला 'नंतरच्या' या शब्दाचं हसू येतं. सैनिकाची लढाई निदान दूर देशात राहते. आपली वेशीवरच उभी असते.

पण ती लक्षणं खरी आहेत, मी बघितलीत. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाडा पेटला, त्यात माझ्या मामाचं घर जाळलं. पुढं मामा कायम दाराकडं तोंड करून झोपायचा. मामीनं स्टोव्ह पेटवला की रॉकेलच्या वासानं उठून बाहेर. मामी समजायची, माझ्या हातचं नको झालंय. भांडणं व्हायची मिठावरून. सत्काराला मामाला बोलावलं, मामीला कुणी विचारलं नाही. १९९४ ला नामविस्तार झाला, त्यानंतर एक पोरगा माहिती लिहून घ्यायला आला. मामा सांगताना चुकला. आतून मामी म्हणाली, "कडबा पेटला आधी. घर मागून."

मामा थांबला. "तू कुठं व्हतीस तवा?"

सोळा वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यानं. त्या रात्री दोघं उशिरापर्यंत बोलत बसली. त्रास गेला नाही, पण तो दोघांचा झाला. मामी स्टोव्ह पेटवायच्या आधी सांगू लागली, एवढंच.

मात्र मार चालू असताना बाईला 'दोघं बसून बोला' सांगणं म्हणजे पुन्हा खोड्यात घालणं. आधी हात थांबला पाहिजे, आणि तो थांबवणं हे कार्यकर्त्यांचंही काम आहे. घरातलं म्हणून आपण तिथनं तोंड फिरवतो.

पुढच्या शिबिरात पुस्तकाबरोबर ती मुलाखतही वाचा, आणि जोडीनं या. मी घरी वाचून दाखवली. ती ऐकत होती, मग म्हणाली, "हे तुम्ही आत्ता वाचलंत होय?"