बर्फाबाहेरचे ताकद-प्रशिक्षण : चाचणीचा आकडा आणि वाढत्या वयाचा खेळाडू

ताकद म्हणजे स्नायूंनी लावलेले बल आणि पॉवर म्हणजे ते बल लावण्याचा वेग लक्षात घेऊन केलेले मोजमाप, हा फरक तुम्हाला माहीत आहे. आइस हॉकीच्या बाल व कुमार खेळाडूंना बर्फाबाहेर, म्हणजे जिममध्ये आणि मैदानावर, या दोन्हींचे प्रशिक्षण दिले जाते. या प्रशिक्षणावर ज्या एका नमुन्याचा प्रभाव पडतो, त्याचे परीक्षण आपण या पाठात करू.

नमुना कोणता?
उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग दरवर्षी निवडीपूर्वी होतकरू खेळाडूंची शारीरिक चाचणी घेते. तिला 'स्काउटिंग कंबाइन' म्हणतात. उभी उडी, लांब उडी, पुल-अप, बेंच प्रेस, सायकलवरील 30 सेकंदांची विंगेट चाचणी असे तिचे घटक आहेत. सर्वांना एकच मोजपट्टी लागते, हा तिचा गुण मान्य केलाच पाहिजे.

आक्षेप पहिला : चाचणी म्हणजे खेळ नव्हे
स्केटिंगमध्ये खेळाडू गुडघा व कंबर वाकवून एका पायाने बाजूला रेटा देतो. उभी उडी मात्र दोन्ही पायांवर, सरळ वर मारली जाते. म्हणून चाचणीचा आकडा वाढला की स्केटिंगचा वेग तितकाच वाढेल, असे गृहीत धरता येत नाही. 2014 च्या कंबाइनमध्ये सॅम बेनेटला एकही पुल-अप काढता आला नाही. तरीही कॅल्गरी संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले. 2025 मध्ये फ्लोरिडा संघाकडून खेळताना प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक त्यालाच मिळाला. येथे सावध राहा. एका उदाहरणाने चाचणी निरुपयोगी ठरत नाही. ती एकटी पुरेशी नाही, एवढेच त्यातून दिसते.

आक्षेप दुसरा : वय
कंबाइनला येणारे खेळाडू साधारण 17-18 वर्षांचे असतात. तोच साचा 12 वर्षांच्या मुलांना लावला की खरी चूक होते. वयात येण्यापूर्वी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंचा अधिक चांगला वापर करू लागते म्हणून. स्नायूंचा आकार त्या प्रमाणात वाढत नाही. उंची वाढण्याचा वेग मुलींमध्ये सुमारे 12 व्या आणि मुलांमध्ये सुमारे 14 व्या वर्षी सर्वाधिक असतो. त्यामुळे एकाच गटातील दोन मुलांच्या शरीरांत मोठी तफावत असू शकते. आकड्यांवर निवड केली तर लवकर वाढलेले मूल 'गुणी' ठरते आणि उशिरा वाढणारे बाहेर पडते. कॅनडात वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात. तेथील वरच्या दर्जाच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले खेळाडू जास्त आढळतात, हे बार्न्सली व सहकाऱ्यांनी 1985 मध्येच दाखवले होते.

मग वजन उचलूच नये का?
तसे नाही. वजन उचलल्याने उंची खुंटते, या समजुतीला पुरावा नाही. जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेला व्यायाम मुलांसाठी सुरक्षित असतो. प्रश्न क्रमाचा आहे. आधी बैठक, एका पायावरचा तोल आणि उडी मारून नीट उतरणे शिकवावे. नंतर बाजूच्या उड्या आणि मेडिसिन बॉलची फेक घ्यावी. हालचाल पक्की झाल्यावरच वजन हळूहळू वाढवावे.

समारोप
हा विचार भारतातही उपयोगी आहे. लडाखमध्ये नैसर्गिक बर्फावरचा खेळ हिवाळ्यापुरताच चालतो. वर्षाचा उरलेला मोठा भाग बर्फाबाहेरच्या तयारीचा असतो. ती तयारी परदेशी चाचणीच्या तक्त्यावरून आखायची की समोरच्या मुलाच्या वाढीवरून, हे प्रशिक्षकाला ठरवावे लागते. उद्या तुमच्यापैकी कोणी त्या जागी असेल. तेव्हा आकडा जरूर नोंदवा, पण त्याशेजारी मुलाची उंची आणि जन्मतारीखही लिहा.

स्वाध्याय : तुमच्या आवडत्या खेळाच्या निवड चाचणीतील एक घटक घ्या. तो प्रत्यक्ष खेळातील कोणती हालचाल मोजतो आणि कोणती सोडून देतो, ते लिहा.