विश्वासांगीकार आणि त्यांची आद्य भाष्ये : दोन मराठी शब्दांच्या निमित्ताने

मराठी गद्याच्या इतिहासात मिशनऱ्यांच्या लेखनाला एक ठरावीक जागा मिळालेली आहे. व्याकरण, कोश, मुद्रण आणि नियतकालिके यांच्या संदर्भात त्याची नोंद होते. त्यातील धर्मशास्त्रीय परिभाषा मात्र ‘रुक्ष’ किंवा ‘कृत्रिम’ अशा एखाद्या विशेषणात निकालात काढली जाते. या परिभाषेचे मूल्यमापन करावयाचे तर ती ज्या विचारव्यूहातून आली, त्याच्या मूळ संहितांपर्यंत आणि विशेषतः त्या संहितांवरील आद्य भाष्यांपर्यंत जाणे आवश्यक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

या प्रश्नाचा दापोली परिसराशी निकटचा संबंध आहे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने आपल्या कार्याला १८२३ साली बाणकोट येथे आरंभ केला. पुढे हर्णै हेही तिचे केंद्र झाले. हे मिशनरी ज्या स्कॉटिश चर्चच्या परंपरेत घडले होते, तिने वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार १६४७ साली स्वीकारला होता. १५६३ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी ही त्याच रिफॉर्म्ड परंपरेतील आधीची संहिता. दोन्हींची रचना अल्पाक्षरी आहे; प्रत्येक शब्द वादातून तावूनसुलाखून घेतलेला आहे. अशी सूत्रमय संहिता भाष्यावाचून पुरती बोलत नाही, हे महानुभावांचा सूत्रपाठ अभ्यासणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

पहिला शब्द ‘करार’. ‘जुना करार’, ‘नवा करार’ ही नावे मराठीत इतकी रुळली आहेत की त्यांतील कचेरीचा वास आता कोणाला जाणवत नाही. जाणवला तर तो भाषांतराचा दोष मानला जातो. ईश्वर आणि मनुष्य यांच्या नात्याला दोन समान पक्षांच्या व्यवहाराचे नाव कसे द्यावे, असा हा आक्षेप. वेस्टमिन्स्टरच्या सातव्या अध्यायाचा आरंभ पाहिला तर आक्षेपाला बळच मिळते. कारण तेथे ईश्वर आणि निर्मित जीव यांतील अंतर अपार असून ईश्वराने स्वेच्छेने खाली येऊनच हे नाते जोडले, असे म्हटले आहे. परंतु हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीच्या कर्त्यांपैकी प्रमुख असलेला उर्सिनस आपल्या भाष्यात प्रथम लौकिक कराराची व्याख्या देतो: दोन पक्ष, परस्परांची वचने, अटी आणि साक्षीची चिन्हे. त्यानंतर तो ती ईश्वरी कराराला लावतो. डेव्हिड डिक्सन आणि जेम्स डरहॅम यांच्या नावे असलेल्या आणि स्कॉटलंडमध्ये विश्वासांगीकारासोबत छापल्या जाणाऱ्या तारणज्ञानाच्या सारांशग्रंथातही अट, स्वीकार आणि खंडणी यांचीच भाषा आहे. म्हणजे व्यवहाराची छटा मराठीत आगंतुक म्हणून शिरलेली नाही; ती परंपरेच्या गाभ्यातच होती. केवळ मूळ संहिता वाचून हा निष्कर्ष हाती लागला नसता.

दुसरा शब्द ‘प्रायश्चित्त’. धर्मशास्त्रात पाप ज्याचे, प्रायश्चित्त त्याचे, हा सामान्य नियम. मग ख्रिस्ताचे बलिदान या शब्दाने सांगणे विपरीत ठरत नाही काय? दापोलीच्या मिशन शाळेत शिकलेल्या पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) प्रायश्चित्ताचे विस्तृत विवेचन केले आहे. अल्पवयीन मुलाच्या वतीने पित्याने किंवा बंधूने प्रायश्चित्त करावे, अशी तरतूद स्मृतिपरंपरेत आहे. प्रातिनिधिकतेला तेथे अपवाद म्हणून जागा आहे. इकडे उर्सिनस म्हणतो, नियमशास्त्र भरपाई स्वतः पापी मनुष्याकडून मागते. दुसऱ्याने केलेली भरपाई शुभवर्तमान प्रकट करते, पण नियमशास्त्रही ती निषिद्ध मानत नाही. स्मृतींमध्ये जे असमर्थ बालकापुरते आहे, ते येथे समग्र मानवजातीला लागू होते. त्यामुळे ‘प्रायश्चित्त’ या शब्दाची निवड म्हणजे अर्थाची गफलत नव्हे. तो अपवादाचा नियमात केलेला विस्तार आहे.

तथापि आद्यत्व म्हणजे प्रामाण्य नव्हे. उर्सिनसचे भाष्य त्याच्या मृत्यूनंतर (१५८३) शिष्यांच्या टिपणांवरून सिद्ध झाले आणि डेव्हिड पेरियसने ते संस्कारित केले. तेथे गुरूचा शब्द कोठे संपतो आणि शिष्याची स्मृती कोठे सुरू होते, हा महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकाला परिचित असलेला प्रश्न उद्भवतो. वेस्टमिन्स्टरवरील डिक्सनच्या लॅटिन व्याख्यानांचे इंग्रजी रूपांतर १६८४ साली प्रसिद्ध झाले, तेही जॉर्ज सिंक्लेअरने मूळ कर्त्याचे नाव दडवून. शिवाय डिक्सनची पद्धती खंडनाची आहे: प्रत्येक सिद्धान्ताने कोणता प्रतिपक्ष चुकतो, हे तो सांगत जातो. त्याचे प्रतिपक्षी रोमन कॅथलिक, आर्मिनियन, क्वेकर. कोकणात आणि मुंबईत मिशनऱ्यांसमोर उभे राहिले ते निराळे. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा १८३१च्या सुमाराचा वाद आठवावा. प्रतिपक्ष बदलला की त्याच सिद्धान्तातील भर बदलतो. तो बदल आद्य भाष्य दाखवू शकत नाही. मात्र बदल नेमका कोठून झाला, ते मोजण्याचे स्थिर माप तेच पुरवते.

आद्य भाष्याचे मूल्य या मापात आहे. भाष्यकार संहितेच्याच काळातील शब्दार्थात वावरत असतो. पुढील पिढ्यांना जे शब्द गुळगुळीत वाटतात, त्यांच्या कडा त्याला बोचत असतात. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती परिभाषेची समीक्षा आजवर बहुधा इंग्रजी–मराठी तुलनेवर थांबली आहे. त्या तुलनेत भाष्यपरंपरेची तिसरी बाजू आणल्याखेरीज कोणता शब्द फसला आणि कोणत्या शब्दाने मराठीची विचारक्षमता वाढवली, हे ठरविता येणार नाही. टीकापरंपरेत वाढलेल्या मराठी अभ्यासकाला हे काम परके वाटण्याचे कारण नाही.