यथेच्छ



आषाढीच्या वाटेवर कोणालाही विचारा, "वारीला कोणी पाठवलं?" तो हसेल. वारीला कोणी कोणाला पाठवत नाही, जो तो आपण होऊन निघतो. पण हे ‘आपण होऊन’ सांगणारे शब्द मराठीत किती आहेत आणि आपण ते किती सैल हाताने वापरतो, याचा आज थोडा विचार करू.

‘हौस’ हा शब्द अरबी ‘हवस’वरून आला. तिकडे त्यात वासनेची छटा. आपल्याकडे येऊन तो सोज्वळ झाला. ‘स्वैर’ आणि ‘स्वच्छंद’ हे शब्द मुळात फक्त आपल्या मनाने चालणे सांगणारे. पण आज ‘स्वैर वागतो’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. यात्रेत हौशे, नवशे, गवशे येतात असे आपण म्हणतो. तिघेही आपापल्या मर्जीने आलेले असतात. मग वारकरी यांत कुठे बसतो? कुठेच नाही. त्याला नेम असतो. माळ घालेपर्यंत तो मोकळा. घातल्यावर त्याने स्वतःच स्वतःला बांधून घेतलेले असते. पुढे पाऊस असो, पेरणी खोळंबलेली असो, पाय पंढरीकडेच वळतात. खुशी एकदाच विचारायची असते, आणि म्हणूनच ती खरी असावी लागते.

आता ‘यथेच्छ’ हा शब्द घ्या. गीतेच्या १८व्या अध्यायात, ६३व्या श्लोकात, सगळे ज्ञान सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात की याचा काही शिल्लक न ठेवता विचार कर, आणि मग तुझी इच्छा असेल तसे कर. यथा म्हणजे जशी, आणि पुढे इच्छा. हा भारदस्त शब्द आपण पंगतीत नेऊन बसवला. ‘यथेच्छ जेवलो’ म्हणतो. विचार गळाला, इच्छा तेवढी उरली. गंमत अशी, की खरेदीखत लिहिणाऱ्याने ही जोडी राखली आहे. तो लिहितो, ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले’. नुसती खुशी त्याला पुरत नाही, शुद्धीवर असलेली अक्कलही लागते.

आमच्या निरूपणांत मात्र एक उणीव मला खटकते. बहुतेक वेळा ६६व्या श्लोकावर उडी घेतली जाते आणि शरणागती भरभरून सांगितली जाते. त्याआधी देवाने दिलेली मोकळीक मागेच राहते. पण अर्जुन ७३व्या श्लोकात ‘तू सांगशील तसे करीन’ म्हणतो, त्याला मोल आले ते या मोकळिकीमुळेच. ज्याला नाही म्हणता येत नव्हते, त्याच्या होकाराला शरणागती कसे म्हणावे?

हे मला पुस्तकातून कळले नाही. मी मुलाला सोळाव्या वर्षी महाराजांसमोर बसवले, ज्ञानेश्वरीवर ठेवलेली माळ त्याच्या गळ्यात घालवली आणि चार माणसांत सांगत सुटलो, "पोरानं आपखुशीनं माळ घातली." तीन वर्षांनी त्याने ती काढून देव्हाऱ्यात ठेवली. मी चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "आबा, एवढ्या माणसांत तुमच्यासमोर मी नाही कसं म्हणणार होतो?"

त्यानंतर १८वा अध्याय वाचताना एका दृष्टान्तावर मी थांबलो. वाढणारा समोर उभा असताना भुकेलेला माणूस उपरोधाने ‘पोट भरले’ म्हणतो आणि आपलेच नुकसान करून घेतो, असे माउली सांगतात. आज उपरोध म्हणजे टोमणा. माउलींच्या मराठीत उपरोध म्हणजे भीड. भुकेला भिडेने नको म्हणतो. माझा मुलगा भूक नसताना भिडेने हो म्हणाला. आणि मी त्या भिडेला आपखुशी हे नाव दिले.

माउली, आपल्या दिंड्यांत, मंडळांत हेच चालते. ‘ऐच्छिक देणगी’ म्हणायचे आणि ध्वनिक्षेपकावरून नावे आकड्यांसकट पुकारायची. ‘स्वखुशीने सेवा’ म्हणायचे आणि भांडी घासायला दरवर्षी त्याच सुनांना बसवायचे. तिथे शब्द खोटा पडतो, आणि खोट्या शब्दावर नेम उभा राहत नाही. म्हणून ‘आपखुशीने’ म्हणण्यापूर्वी एवढेच पाहावे: समोरच्याला नाही म्हणायला जागा होती का? नसेल, तर निदान शब्द तरी बदलावा.

ती माळ अजून देव्हाऱ्यात आहे. सकाळी पूजा करताना तिलाही एक तुळशीचे पान वाहतो. मुलाला काही म्हणत नाही. देवाने अर्जुनाला जेवढी मोकळीक दिली, तेवढी मला द्यायला उशीर झाला.

रामकृष्णहरी.