सोयऱ्यांचे मार्क

त्या बुधवारी संध्याकाळी आमचे जावई ऑफिसातून घरी आले, बूट काढले आणि सुतकी चेहऱ्याने सोफ्यावर बसले. मी सौ.कडे पाहिलं, सौ.ने मुलीकडे पाहिलं. अमेरिकेत जावयाचा चेहरा उतरला की सासऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो नोकरीचा. मी दबकत विचारलं, "काय हो, सगळं ठीक ना?"

"कसलं ठीक, बाबा! काल आपली टीम जिंकली."

"मग?"

"बारा-एक अशी जिंकली. आर. पी. आय. पडला की हो!"

मी जन्मभर महाराष्ट्रात राहिलेला माणूस. सवयीने विचारलं, "कोणता गट?"

ही गोष्ट २०२३ च्या एप्रिलमधली. आम्ही उभयता मुलीकडे ओहायोतल्या एका लहानशा गावी गेलो होतो. 'आपली टीम' म्हणजे तिथल्या कॉलेजची बेसबॉल टीम. जावई मूळचे डोंबिवलीचे, लहानपणी गल्लीत रबरी चेंडूने खेळलेले. पण शेजारच्या आजोबांचा नातू त्या टीमचा पिचर, त्यामुळे आमच्या घरी बेसबॉल सोयर-सुतकासारखा पाळला जाई.

मग जावयांनी मला कागद-पेन्सिल घेऊन समजावलं. आर. पी. आय. म्हणजे रेटिंग पर्सेंटेज इंडेक्स. कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संस्था एन. सी. ए. ए. हिने १९८१ साली तो बास्केटबॉलसाठी काढला, पुढे बेसबॉललाही लावला. शंभरातले पंचवीस मार्क तुम्ही किती सामने जिंकलात याला. पन्नास मार्क, तुम्ही ज्यांच्याशी खेळलात ते किती जिंकले याला. आणि उरलेले पंचवीस, तुमचे प्रतिस्पर्धी ज्यांच्याशी खेळले ते किती जिंकले याला.

"अहो, हे तर स्थळ पाहणं झालं!" सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली.

अगदी बरोबर. मुलगा कसा आहे याला पंचवीस मार्क, सोयरे कसे आहेत याला पन्नास, आणि सोयऱ्यांच्या सोयऱ्यांना पंचवीस. माझ्या लग्नाच्या वेळी सासरेबुवांनी मला 'नोकरी कायम ना?' एवढं एकच विचारलं आणि पुढे पाऊण तास माझ्या आत्याचे यजमान, त्यांचे साडू आणि त्या साडूंचं इचलकरंजीचं घराणं यांची चौकशी केली. सौ. मला मिळाली ती त्या साडूंच्या पुण्याईवर. आजतागायत मी त्या गृहस्थांना पाहिलेलं नाही.

आता, यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्या श्रेणीत तीनशेच्या आसपास कॉलेजं आहेत. हंगामात एका टीमला सामने मिळणार फार तर ५६. म्हणजे सगळे सगळ्यांशी खेळणं अशक्य. एकाने चाळीस सामने जिंकले ते दांडग्यांशी, दुसऱ्याने चाळीस जिंकले ते लुंग्यासुंग्यांशी. दोघांना एका पंक्तीत बसवणं हा अन्यायच. पैलवानाने कुणाला चीत केलं ते विचारलंच पाहिजे. माझी तक्रार विचारण्याबद्दल नाही, मार्कांबद्दल आहे.

जावयांनी दिलेलं कल्पित उदाहरण सांगतो. एका टीमने शंभरात ७० सामने जिंकले. प्रतिस्पर्ध्यांचं प्रमाण ४५, त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं ५०. बेरीज साडेबावन्न. दुसरीने जिंकले ५५ च. पण प्रतिस्पर्धी ५८ चे, त्यांचे प्रतिस्पर्धी ५४ चे. बेरीज सव्वाछप्पन्न! पंधरा टक्के कमी जिंकूनही दुसरी वर. आणि पुरेशा दुबळ्या टीमला हरवलंत तर विजयाने मिळतं त्यापेक्षा तिच्या संगतीने जास्त जातं. म्हणून जावई सुतकात.

"मग दुबळ्यांशी खेळतातच कशाला?" मी विचारलं.

याचं उत्तर आजोबांनी कुंपणावरून दिलं. हंगाम सुरू होतो फेब्रुवारीच्या मध्यावर. तेव्हा त्यांच्या मैदानावर गुडघाभर बर्फ. म्हणून टीम बसने दक्षिणेत जाते आणि तिथल्या धनदांडग्या कॉलेजांच्या मैदानांवर, त्यांच्या प्रेक्षकांसमोर खेळते. इकडे ऊन पडल्यावर ती कॉलेजं परतभेटीला येत नाहीत. कशाला येतील? घरबसल्या आपापसात खेळूनच त्यांचे सोयरे बळकट. मग आमच्या पोरांनी मंगळवारी पलीकडच्या गावाशी खेळायचं आणि बुधवारी जावयांनी तोंड पाडायचं.

२०१३ च्या हंगामापासून यावर एक मलमपट्टी झाली. घरच्या मैदानावरचा विजय ०.७ धरायचा, बाहेरचा १.३, पराभवाचं उलट. उत्तरेतल्या फिरत्या टीमांना तेवढाच दिलासा. पण ही दुरुस्ती स्वतःच्या त्या पंचवीस मार्कांतच! सोयऱ्यांचे पंच्याहत्तर जागच्या जागी. बास्केटबॉलवाल्या पुरुषांनी तर २०१८ साली हे कोष्टकच टाकून दिलं. बेसबॉलवाल्यांनी त्यानंतरही जपून ठेवलं. आमच्याकडे जुना मिक्सर ठेवतात तसं. शिवाय मे महिना आला की काही कोच मधल्या वारी ठरलेला दुबळ्याशी सामना आयत्या वेळी रद्द करतात. आकाश निरभ्र, पण आर. पी. आय.ला सर्दी होईल ना!

मी तावातावाने म्हणालो, "हे कोष्टक फाडून टाका. २००८ साली फ्रेस्नो स्टेटला तिच्या चौघांच्या गटात शेवटचं मानांकन होतं, आणि तीच विजेती झाली!" ही माहिती मला आदल्याच रात्री जावयांनी दिली होती.

"आणि २०२२?" जावई शांतपणे म्हणाले. त्या वर्षी ओल मिस आपल्या बलाढ्य गटात १४ जिंकली, १६ हरली. स्पर्धेत घेतली ती अगदी काठावर, दांडग्यांशी खेळली म्हणून. ओरड झाली. आणि मग तिने अकरापैकी दहा सामने जिंकून ओमाहाला अजिंक्यपद पटकावलं.

मी चहा मागवला. दुसरं काय करणार? पण चहा निम्मा झाल्यावर सुचलं ते असं, की दोन्ही टीमांनी स्वतःला सिद्ध केलं ते आत घेतल्यावर. दाराबाहेर राहिलेल्याने काय सिद्ध करायचं?

मेअखेरच्या सोमवारी टीव्हीवर ६४ नावं जाहीर झाली. तीसएक जागा गटविजेत्यांच्या, बाकीच्या निवड समितीच्या मर्जीच्या. समिती एकट्या आर. पी. आय.वर ठरवत नाही म्हणतात. सासरेबुवाही तसंच म्हणाले होते. आमची टीम गटाच्या अंतिम सामन्यात एका धावेने हरली होती, त्यामुळे मर्जीवर अवलंबून. आजोबांच्या दिवाणखान्यात आम्ही सगळे बसलो होतो. एकेक गट पडद्यावर येत गेला. सौ.ने शिरा नेला होता, त्याला कोणी हात लावला नाही. शेवटचा गट संपला तेव्हा आजोबांनी टीव्ही बंद केला आणि कारण नसताना बागेला पाणी घालायला गेले. नातवाचं ते कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं.

थोड्या वेळाने धप्, धप् असा आवाज येऊ लागला. पोरगा गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारत होता. मला राहवेना. मी बॅट उचलली आणि भिंतीपुढे उभा राहिलो. त्याने हसून, माझ्या वयाला शोभेल असा हळू चेंडू टाकला. मी चुकलो. दुसराही चुकलो. तिसऱ्याला बॅट माझ्या हातून सुटून गुलाबाच्या वाफ्यात गेली.

"बाबा," जावई व्हरांड्यातून ओरडले, "त्याला जिंकू देऊ नका, आणखी खाली जाईल तो!"