‘फॅशन’मधला काळा रंग

मधुर भांडारकरांच्या ‘फॅशन’ (२००८) या चित्रपटाने मॉडेलिंगच्या झगमगाटामागचा अंधार दाखविला, असे म्हणतात. प्रियांका चोप्रा व कंगना रनौत या दोघींना त्यातील भूमिकांबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते उचितच. माझी तक्रार कथेविषयी आहे.

चंदीगडहून मुंबईस आलेली मेघना कीर्तीच्या शिखरावर पोहोचते. तिच्याशी संबंध ठेवून मग तिला दूर सारणारा धनिक सरीन आपल्या जागी सुखरूप राहतो. हिशेब द्यावा लागतो तो तिला एकटीला. सिगारेट, मद्य, मग अमली पदार्थ, अशा पायऱ्या उतरत एके सकाळी ती एका अनोळखी कृष्णवर्णीय पुरुषाशेजारी जागी होते आणि आपल्या अधःपाताने हादरते. तो पुरुष गोरा असता, तर दिग्दर्शकाला हा धक्का पुरेसा वाटला असता काय? गोरेपणाचे वेड असलेल्या धंद्यावर टीका करावयाची, आणि पतनाची परिसीमा दाखविण्यास काळा रंगच वापरावयाचा!

माझ्या हाताखाली शिकून गेलेली एक सावळी, हौशी मुलगी मॉडेल होऊ पाहते आहे. तिने हा चित्रपट अवश्य पाहावा. पण त्यातला उपदेश ऐकताना उपदेशकाच्या मनातले रंगही नीट न्याहाळावेत.